धमकी कोण देतंय? 'काशे'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'काशे'वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. चित्रपट मन लावून पाहिल्याशिवाय असं लिहिता येत नाही. नुसतं 'धन्यवाद, मतभेद राहू द्या' म्हणून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे वेगळं उत्तर.

मूळ प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मिखाएल हानेकेचा हा २००५ चा चित्रपट रहस्यपटाचा आव आणतो, 'या कॅसेट कोण पाठवतंय?' हा प्रश्न पहिल्या मिनिटाला आपल्या हातात देतो, दोन तास आपल्याला त्यावर टांगून ठेवतो आणि उत्तर न देता निघून जातो. ही प्रेक्षकाची सरळ फसवणूक आहे आणि मी तिला उगाच डोक्यावर घेतलं, असा तुमचा मुख्य आक्षेप. नायक जॉर्जने सहा वर्षांचा असताना मत्सरापोटी केलेल्या चहाडीची शिक्षा चाळीस वर्षांनी त्याच्या बायकोपोरालाही का, हा दुसरा. १९६१ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी केलेलं अल्जीरियन मोर्चेकऱ्यांचं हत्याकांड कथेला वजन यावं म्हणून वरून चिकटवलंय, असंही तुम्ही म्हणता. माजिदबद्दल, म्हणजे त्या चहाडीला बळी पडलेल्या अल्जीरियन मुलाबद्दल, जे लिहिलंत ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं, त्यावर शेवटी येते.

चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी मात्र इथेच थांबावं. पुढे सगळंच उघड होणार आहे.

आधी त्या कॅसेटबद्दल. पॅरिसमधलं एक सुखवस्तू घर. जॉर्ज लोराँ (दानिएल ओतय) टीव्हीवर पुस्तकांवरचा चर्चेचा कार्यक्रम करतो, बायको आन (ज्युलिएट बिनोश) प्रकाशन व्यवसायात, आणि पिएरो हा बारा वर्षांचा मुलगा. एके दिवशी दारात व्हिडिओ कॅसेट सापडते. तीत त्यांचंच घर, समोरच्या गल्लीतून घेतलेलं. दुसरं काही नाही. पुढच्या कॅसेट कागदात गुंडाळून येतात आणि त्या कागदांवर लहान मुलाने काढावीत तशी चित्रं असतात: तोंडातून रक्त येणारा चेहरा, मान कापलेला कोंबडा. मग एका कॅसेटमध्ये जॉर्ज जिथे वाढला ते शेतावरचं घर दिसतं. आणखी एकीत रस्ता, इमारतीतला बोळ, एक बंद दार.

तुम्ही प्रतिक्रियेत 'धमकीच्या कॅसेट' असा शब्द वापरलाय. जॉर्जही तसंच म्हणतो. पण त्यांत धमकी कुठे आहे ते शोधून पाहा. चिठ्ठी नाही, पैशांची मागणी नाही, 'तुझ्या मुलाला बघून घेतो' वगैरे काही नाही. त्या कॅसेट फक्त दाखवतात: हे तुझं घर, हे तुझं लहानपणीचं घर, हा अमुक माणसाच्या घरापर्यंतचा रस्ता. अख्ख्या चित्रपटात तोंडाने, स्पष्ट शब्दांत धमकी देणारा माणूस एकच आहे आणि तो म्हणजे जॉर्ज. माजिदला त्याच्या स्वयंपाकघरात उभा राहून तोच धमकावतो. पिएरो एका रात्री घरी येत नाही तेव्हा पोलिसांना घेऊन माजिद आणि त्याच्या मुलाच्या दारात तोच जातो, आणि त्या दोघांना रात्र कोठडीत काढावी लागते. पिएरो मित्राकडे होता, हे सकाळी कळतं. शेवटी माजिदचा मुलगा ऑफिसात बोलायला येतो तेव्हा त्यालाही दम भरणारा हाच. एवढंच कशाला, पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना एका कृष्णवर्णीय सायकलस्वाराचा धक्का लागता लागता राहतो, त्याच्यावरही जॉर्ज असा काही ओरडतो की प्रकरण हातघाईवर यावं. चूक दोघांचीही आहे, असं म्हणून आन ते कसंबसं निभावून नेते.

माझ्या लेखाचा सगळा भर यावर होता आणि तो मी अजूनही सोडत नाही. या घराला बाहेरून धोका आहे असं आपल्याला वाटत राहतं, कारण आपण जॉर्जच्या बाजूला बसून पाहतो. धोका घराच्या आत, जेवणाच्या टेबलाशी बसलेला आहे.

त्यासाठी एकच प्रसंग जरा जवळून बघू. रोमँव्हिल हे पॅरिसजवळचं उपनगर. कॅसेट मागेपुढे करून, रस्त्याच्या पाटीवरचं नाव वाचून नवरा-बायको तिथला पत्ता शोधून काढतात. जॉर्ज एकटाच जातो. दार उघडतो माजिद (मोरीस बेनिशू). वय झालेला, थकलेला, घरातल्या साध्या कपड्यांतला माणूस. जॉर्जला पाहून तो खरोखर चकित होतो आणि त्याला आत घेतो. मधे एकदा टीव्हीवर जॉर्जचा कार्यक्रम लागला होता, असं माजिद सांगतो. समोरचा माणूस कोण हे कळायच्या आधीच त्याला मळमळायला लागलं होतं, नाव मागाहून वाचलं. जॉर्ज त्याला विचारतो, तुला काय हवंय, किती पैसे? माजिदला काहीच नको असतं. जॉर्ज धमकी देऊन निघतो. बाहेर येऊन आनला फोन करतो आणि सांगतो की तिथे कोणी राहतच नाही, दार कोणी उघडलं नाही.

आता हाच प्रसंग आपल्याला पुन्हा दिसतो, कॅसेटच्या रूपात. या वेळी एकाच कोनातून, न हलणाऱ्या कॅमेऱ्यातून. मघाशी आपण जॉर्जबरोबर खोलीत होतो, कधी याचा चेहरा तर कधी त्याचा. आता दोघेही लहान दिसतात आणि आवाज चढवणारा कोण हे लपत नाही. आणि जॉर्ज गेल्यावरही कॅमेरा तिथेच राहतो. माजिद खुर्चीत बसतो, रडायला लागतो आणि बराच वेळ रडत राहतो. आपण जॉर्जबरोबर बाहेर पडलो होतो, म्हणून हे आपल्याला दिसलं नव्हतं. आन हे सगळं नवऱ्याच्या शेजारी बसून पाहते. तिच्या लेखी त्या क्षणी कॅसेट कोणी काढली हा प्रश्न मागे पडलेला असतो. तू माझ्याशी खोटं का बोललास, एवढंच तिला विचारायचं असतं.

या जागी मी बराच वेळ पॉज करून बसले होते. गुन्हेगार शोधायच्या नादात मीही माजिदला संशयित म्हणूनच पाहत होते. तुम्हीही लिहिलंय की 'पुरावे बापलेकांकडेच बोट दाखवतात'. कोणते पुरावे? कॅसेटमध्ये त्यांचं घर आहे, एवढाच. मग पहिल्या कॅसेटमध्ये लोराँ कुटुंबाचं घर आहे, तर त्यांच्यावर कोणी संशय का घेत नाही?

रहस्याचं उत्तर न देणं ही फसवणूक, असं तुम्ही म्हणता. बहुतेक चित्रपटांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने उभी राहीन. धागे जुळवता आले नाहीत म्हणून शेवट मोकळा सोडणारे दिग्दर्शक मलाही खपत नाहीत. पण 'काशे'त उत्तर मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. समजा, शेवटी कळलं की हे माजिदच्या मुलाने केलं. जॉर्ज सुटला! आपणही सुटलो. 'बघा, होताच तो खुनशी' म्हणून आपण टीव्ही बंद केला असता आणि कोंबड्याची गोष्ट (ती पुढे सांगते) विसरून गेलो असतो. चित्रपटभर जॉर्ज नेमकं हेच करत असतो. पाठवणारा कोण हे शोधण्यात त्याला इतका रस, कारण तो सापडला की काय पाठवलंय त्याकडे बघावं लागत नाही. हानेकेने ती पळवाट त्यालाही दिली नाही आणि आपल्यालाही नाही.

शिवाय कॅमेऱ्याचं कोडं सुटू नये अशी काळजी त्याने घेतलेली आहे. पहिल्या कॅसेटमध्ये जॉर्ज रस्ता ओलांडून जवळजवळ कॅमेऱ्याच्या अंगावरून जातो, तरी त्याला तो दिसत नाही, आणि हे कसं शक्य आहे असं तो स्वतःच म्हणतो. छायाचित्रकार क्रिस्तियान बेर्गेरने सगळा चित्रपट डिजिटल व्हिडिओवर टिपलाय, त्यामुळे कॅसेटमधली दृश्यं आणि चित्रपटातली दृश्यं यांच्या पोतात फरकच नाही. पार्श्वसंगीत नाही. एखादं स्थिर दृश्य सुरू झालं की ही कथा चालू आहे की कोणीतरी पाहत असलेली कॅसेट, हे चित्र मागे पळायला लागेपर्यंत कळत नाही. जो प्रश्न सोडवायचाच नाही तो एवढ्या कष्टाने अवघड कोण करील? यात आळस किंवा हातचलाखी नाही. बांधणीच तशी आहे.

आणखी एक छोटा प्रसंग तुमच्या नजरेतून सुटला असावा असं वाटतं. जॉर्ज संकलनाच्या खोलीत बसलाय, त्याच्या कार्यक्रमात फ्रेंच कवी रँबोवर चर्चा चाललीय आणि ती फार जड होतेय म्हणून तो संकलकाला कापायला सांगतो. नको तो भाग काढून टाकणं हे या माणसाचं रोजचं काम. दारात येणाऱ्या कॅसेट मात्र कुठेही न कापलेल्या. आनशी बोलतानाही तो असाच काटछाट करत बोलतो. आधी 'मला एक शंका आहे, पण आत्ता सांगणार नाही'. मग तिथे कोणी राहत नाही हे खोटं. ते उघडं पडल्यावर 'मी लहानपणी त्याच्याबद्दल काहीबाही सांगितलं होतं', आणि काहीबाही म्हणजे काय हे तिथेही पोटातच. रक्त आणि कोंबडा हे दोन्ही तो उच्चारतो ते माजिद मेल्यानंतर, अंधाऱ्या खोलीत. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला जे कळलं नाही ते एक मेलेला माणूस बाहेर काढतो.

सहा वर्षांच्या मुलाला दोषी कसं धरायचं? कोणीच धरू नये आणि चित्रपटही धरत नाही. माजिदचे आईवडील लोराँच्या शेतावर कामाला होते. ते गेल्यावर जॉर्जच्या आईवडिलांनी या पोरक्या मुलाला दत्तक घ्यायचं ठरवलं. खोली वाटून घ्यायची वेळ आली म्हणून जॉर्जने आधी सांगितलं की माजिद रक्त ओकतो. डॉक्टरला काही सापडलं नाही. मग त्याने माजिदला सांगितलं की बाबांनी तुला कोंबडा मारायला सांगितलंय. माजिदने कुऱ्हाडीने कोंबड्याची मान तोडली आणि जॉर्ज घरात जाऊन म्हणाला, मला घाबरवायला मारला. माजिदची रवानगी अनाथाश्रमात झाली. मुलं असं करतात. मोठ्या माणसांनी खातरजमा न करता त्या मुलाला घालवून दिलं, ही चूक मोठ्यांची. जॉर्जची म्हातारी आई (आनी जिरार्दो) आज त्याबद्दल धड बोलायलाही तयार नाही, फार जुनी गोष्ट म्हणून ती विषय बाजूला सारते.

माझा राग आहे तो पंचेचाळिशी ओलांडलेल्या जॉर्जवर. माजिदच्या दारात उभं राहिल्यावर त्याच्यापुढे एक साधी वाट होती: 'मी तेव्हा खोटं बोललो होतो. तुझं काय झालं पुढे?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? सहा वर्षांच्या मुलाला जे जमलं नाही ते या माणसाला जमलं असतं तर माजिद कदाचित जिवंत राहिला असता. त्याऐवजी त्याने लहानपणी केलं तेच पुन्हा केलं. माजिदचं नाव घेऊन मोठ्यांकडे, म्हणजे या वेळी पोलिसांकडे, गेला आणि त्याला घरातून उचलायला लावलं. चाळीस वर्षांपूर्वीची शिक्षा आज का, असं तुम्ही विचारता. गुन्हा आज पुन्हा घडतोय, तो आपल्या डोळ्यांदेखत घडतोय.

म्हणूनच १९६१ वरून चिकटवलेलं आहे हे मला मान्य होत नाही. माजिदला पोरकं करून त्याचे आईवडील 'गेले' ते कुठे, हा प्रश्न कथेत कोणालातरी विचारावाच लागला असता. ५ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसचा पोलीसप्रमुख मोरीस पापाँ याने फक्त अल्जीरियन लोकांवर रात्रीची संचारबंदी लादली. अल्जीरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा शेवटच्या टप्प्यात होतं. १७ ऑक्टोबरला ते युद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या हाकेवरून हजारो अल्जीरियन, बायकामुलांसह, निःशस्त्र मोर्चाने शहराच्या मध्यात आले. चित्रपटात माजिदचे आईवडील याच मोर्चाला गेले आणि परतले नाहीत. पोलिसांनी त्यांना झोडपलं, गोळ्या घातल्या, कित्येकांना सेन नदीत फेकलं. अकरा हजारांहून जास्त लोकांना पकडून क्रीडागृहांत कोंबलं. त्या वेळचा सरकारी आकडा दोन-तीन मृतांवर थांबला. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या पुढे जातात.

हाच पापाँ दुसऱ्या महायुद्धात बोर्दोमधून ज्यूंना छळछावण्यांकडे रवाना करणारा अधिकारी होता. १९९८ मध्ये त्याला त्याबद्दल शिक्षा झाली, १९६१ बद्दल कधीच नाही. ज्याँ-ल्युक आइनोदी या संशोधकाने १९९१ मध्ये या हत्याकांडावर पुस्तक लिहिलं, पुढे पापाँने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. १९९९ मध्ये पापाँ तो हरला, कारण पॅरिसच्या अभिलेखागारातल्या ब्रिजित लेने आणि फिलिप ग्राँ या दोन अधिकाऱ्यांनी कागदपत्रांत काय आहे ते कोर्टात सांगितलं. बक्षीस म्हणून त्यांच्या हातातली कामं काढून घेण्यात आली. अल्जीरियातल्या युद्धाला 'युद्ध' म्हणण्याचा कायदाही फ्रान्सने १९९९ मध्येच केला. तोवर सरकारी भाषेत ती सुव्यवस्था राखण्याची कारवाई होती.

हे सगळं चित्रपटात किती वेळ येतं? जॉर्ज आनला सांगतो तेवढंच: पापाँचं नाव, सेन नदी, दोनशेच्या आसपास अरब, आणि पुढे चला. तुम्हाला तो उल्लेख घाईचा वाटला. मला तो त्या माणसाच्या तोंडी अगदी नेमका वाटतो. भिंती पुस्तकांनी भरलेल्या घरात राहणाऱ्या या माणसाला सगळं माहीत आहे. अडचण माहितीची नव्हतीच. हानेके ऑस्ट्रियन आहे. प्रत्येक देशाकडे असे डाग असतात आणि ही गोष्ट दुसरीकडेही घडू शकली असती, असं तो सांगत आलाय. पण त्याने ती पॅरिसमध्ये घडवली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ती तिथल्या थिएटरांत लागली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला क्लिशी-सू-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून पळून विजेच्या उपकेंद्रात लपलेली दोन मुलं शॉक लागून मेली आणि उपनगरं पेटली. ८ नोव्हेंबरला सरकारने आणीबाणी पुकारली, ती १९५५ च्या कायद्याखाली. तो कायदा अल्जीरियातल्या युद्धासाठी केलेला होता. दिग्दर्शकाने हे योजलेलं नव्हतं, पण 'जुनं उकरून काढलंय' या आक्षेपाला याहून थेट उत्तर मला सुचत नाही.

आता माजिद. तुम्ही लिहिलंत: 'हा माणूस चित्रपटात फक्त मरण्यासाठी आहे. फ्रेंच बुद्धिजीवीच्या मनाला टोचणी लागावी म्हणून एका अरबाने स्वतःचा गळा चिरायचा, हे मला घृणास्पद वाटलं.' हा आक्षेप हलका नाही. ब्रिटिश अभ्यासक पॉल गिलरॉय यांनी माजिदच्या आत्महत्येवर याच अंगाने कडक टीका केलेली आहे. माजिद फोन करून जॉर्जला बोलावतो, तू इथे असावास असं मला वाटत होतं, एवढंच म्हणतो, आणि दुसऱ्या क्षणी भिंतीवर रक्त. कॅमेरा हलत नाही. त्याचं चाळीस वर्षांचं आयुष्य, त्याची बायको, त्याचं काम, काहीच आपल्याला कळत नाही. ते कळायला हवं होतं असं मलाही वाटतं. जॉर्जच्या नजरेची मर्यादा दाखवताना चित्रपटही काही अंशी त्याच मर्यादेत राहिला, हे तुमचं म्हणणं मी मान्य करते.

पण 'फक्त मरण्यासाठी' यापुढे मी येत नाही, कारण त्याचा मुलगा आहे. बापाच्या मृत्यूनंतर तो जॉर्जच्या ऑफिसात येतो. लिफ्टमध्ये त्याच्या शेजारी गप्प उभा राहतो, प्रसाधनगृहापर्यंत त्याच्या मागे जातो, आरडाओरडा करत नाही. तुम्ही माझ्या वडिलांना शिक्षणाची संधी नाकारलीत, अनाथाश्रमात फक्त द्वेष शिकवतात, तरी त्यांनी मला नीट वाढवलं, असं शांतपणे सांगतो. एका माणसाच्या मृत्यूचं ओझं मनावर घेऊन जगताना कसं वाटतं, एवढंच त्याला पाहायचं असतं. ते पाहून तो निघून जातो. हा बळी नाही आणि खलनायकही नाही. चित्रपटातला सर्वांत सभ्य माणूस तो आहे, आणि तो माजिदने घडवलेला आहे. अनाथाश्रमात वाढलेल्या बापाने रोमँव्हिलच्या त्या लहानशा घरात काय केलं, ते या मुलाच्या उभं राहण्यात दिसतं.

शेवटच्या दृश्यात शाळेच्या पायऱ्यांवर, गर्दीत डाव्या बाजूला, हाच मुलगा पिएरोशी बोलताना दिसतो. तुम्ही त्याला 'कटाचा पुरावा' म्हटलंय. हानेकेने त्या दोघांसाठी संवाद लिहिले होते, पण आपल्याला ते ऐकू येत नाहीत. मला त्या दृश्यात कट दिसत नाही. बापांना जे जमलं नाही ते बोलणं मुलांनी सुरू केलंय, असं मला दिसतं. तुमचं वाचनही बसतं, हे नाकारत नाही. फक्त एक करा: ऑफिसातला प्रसंग पुन्हा पाहा, दोघांतला कोण दुसऱ्याच्या नजरेला नजर देऊ शकतो ते बघा, आणि त्यानंतरही हा मुलगा कटवाला वाटला तर तसं लिहा. मी वाचेन आणि पुन्हा भांडेन.